मॅच संपेपर्यंत थांबू नका

कोल्हापुरात मोठ्या मॅचच्या आदल्या रात्री पेठा लवकर झोपत नाहीत. तालमीच्या कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन एकच विषय चाललेला असतो. "आपला स्टॉपर अजून लंगडतोय." "त्यांनी बाहेरनं आणलेला स्ट्रायकर बघितलास काय? लई पळतोय." "गेल्या वेळी टायब्रेकरला गेलो होतो, यंदा नव्वद मिनिटांत खेळ खल्लास." कोपऱ्यात एक जुना जाणता बसलेला असतो. तो कपाळाला आठ्या घालून म्हणतो, "मला काय खरं वाटत नाय. उद्या आपण हरतोय बघा." सगळे त्याच्यावर तुटून पडतात. पण दुसऱ्या दिवशी दुपारी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत सगळ्यांत आधी जाऊन बसलेला असतो तो हाच.

मी या गर्दीतलाच एक. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल अशी नावं ऐकतच मोठा झालो. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे करावेत आणि पेठेची सगळी इभ्रत एका चेंडूत यावी, हे आमच्या गावाचं वेड मला मनापासून आवडतं. याच गावातला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून सतरा वर्षांखालील वर्ल्डकप खेळला, तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला होता. त्यामुळे आज जे लिहितोय ते खेळाच्या विरोधात नाही. सरकारी रुग्णालयात अनेक वर्षं काढलेल्या एका डॉक्टरला मोठ्या मॅचच्या दिवशी काय दिसतं आणि त्यातलं काय टाळता येतं, एवढंच सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी कॅज्युअल्टीत ड्युटी होती. संध्याकाळी सातच्या सुमारास एक तरुण मुलगा आपल्या वडिलांना मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला. वडील पन्नाशीच्या पुढचे, अंगावर घामाने भिजलेला शर्ट, चेहरा राखेसारखा. मॅच चारला सुरू झाली होती आणि छातीत दुखायला लागलं होतं पहिल्या हाफमध्येच. "मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. ते म्हणाले, "सकाळी मिसळ खाल्लेली साहेब, वाटलं जळजळतंय. आणि स्कोअर बरोबरीत हुता. मधनंच पोराला कसं उठवू?" पुढे टायब्रेकर झाला, त्यांचा संघ जिंकला, गुलाल उडाला आणि मग पोराला बापाचा चेहरा दिसला.

ईसीजीमध्ये मोठा झटका दिसत होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच दिलं. ते वाचले, पण मधल्या अडीच-तीन तासांत हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला तो परत आला नाही. आजही ते मॅचला येतात. फक्त गॅलरीच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबतात. पेठेचं नाव मी सांगत नाही. कारण अशी माणसं प्रत्येक पेठेत आहेत.

आता शास्त्र काय म्हणतं ते पाहू. २००६ चा वर्ल्डकप जर्मनीत झाला. तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या भागातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या ४,२७९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. हा अभ्यास २००८ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जर्मनीची मॅच असलेल्या दिवशी अशा घटना इतर दिवसांच्या २.६६ पट झाल्या होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण ३.२६ पट, स्त्रियांमध्ये १.८२ पट होतं. सर्वाधिक रुग्ण मॅच सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन तासांत आले. आणि मॅचच्या दिवशी आलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना, म्हणजे ४७ टक्के लोकांना, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असल्याचं आधीपासून माहीत होतं. एरवी हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होतं.

या अभ्यासातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. अर्जेंटिनाविरुद्धची उपांत्यपूर्व फेरीची मॅच जर्मनीने पेनल्टीवर जिंकली होती. तरीही त्या दिवशी रुग्णांची संख्या खूप वाढली. म्हणजे हृदयावर ताण येतो तो हरल्याच्या दुःखाने नव्हे, तर "आता काय होणार" या घालमेलीने. इंग्लंडमध्येही असंच काहीसं दिसलं. १९९८ च्या वर्ल्डकपमध्ये इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरलं. त्या दिवशी आणि पुढच्या दोन दिवसांत हार्ट अटॅकमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या अपेक्षेपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. इटलीतल्या संशोधकांनी वर्ल्डकप आणि युरो कपच्या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांना अशी वाढ सापडली नाही. आणि १९९८ मध्ये फ्रान्सने वर्ल्डकप जिंकला त्या दिवशी फ्रेंच पुरुषांमध्ये हार्ट अटॅकने होणारे मृत्यू उलट कमी दिसले. तेव्हा "मॅच बघितली की अटॅक येतो" असा घाबरवणारा निष्कर्ष कुणी काढू नये. निरोगी तरुणाच्या हृदयाला नव्वद मिनिटांची धडधड सहज झेपते. धोका आहे तो ज्याच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर साचला आहे त्याला. त्यातल्या अनेकांना तो साचलाय याचा पत्ताही नसतो.

हे घडतं कसं? गॅलरीत बसलेला माणूस खेळत नसतो, पण त्याचं शरीर खेळत असतं. २०१० च्या वर्ल्डकप फायनलच्या वेळी स्पेनमधल्या चाहत्यांच्या लाळेचे नमुने तपासले गेले. मॅच नुसती बघताना त्यांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल ही दोन्ही संप्रेरकं वाढलेली होती. जो चाहता जितका कट्टर, त्याचं कॉर्टिसॉल तितकं जास्त. त्याच्या जोडीला अ‍ॅड्रेनॅलीन असतंच. नाडी धावते, रक्तदाब चढतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्त थोडं अधिक लवकर गोठू लागतं. वाहिनीतला चरबीचा नाजूक थर अशा वेळी फाटला की त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते आणि पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो. हार्ट अटॅक म्हणतात तो हाच.

पण मग आदल्या रात्रीपासूनच एवढी तगमग का होते? याचं उत्तर मला एका वेगळ्याच प्रयोगात सापडलं. लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ स्वयंसेवकांना संगणकावर एक खेळ खेळायला लावला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका. ज्यांना झटका नक्की बसणार हे ठाऊक होतं, त्यांना ताण कमी होता. सर्वांत जास्त ताण आला तो झटका बसण्याची शक्यता बरोबर पन्नास टक्के असताना. दुसरीकडे, माकडांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की बक्षीस मिळेल की नाही हे अगदी निम्मं-निम्मं असतं, तेव्हा वाट पाहण्याच्या काळात मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी सर्वांत जास्त जाग्या असतात.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. समोरचा संघ अगदीच लिंबूटिंबू असेल, तर आदल्या रात्री झोप छान लागते. आपण हरणार हे नक्की असेल, तरीही लागते. तुल्यबळ पेठ समोर आली की मात्र आशाही सर्वाधिक आणि धास्तीही सर्वाधिक. ज्या अनिश्चिततेमुळे मॅच बघावीशी वाटते, तीच अनिश्चितता झोप उडवते. कट्ट्यावरचा "आपण हरणार" म्हणणारा जाणता काय करत असतो? तो त्या पन्नास टक्क्यांपासून पळ काढायला बघत असतो. हार आधीच मान्य केली की नंतरचा घाव हलका बसेल, असा त्याचा हिशेब असतो. शिवाय "जिंकणार" असं मोठ्याने बोललं तर नजर लागेल ही भीतीही असते. मानसशास्त्रात अशा बचावात्मक निराशेचा बराच अभ्यास झाला आहे. थोडी असली तर ती उपयोगाची ठरते. तेव्हा त्याला घरभेदी म्हणू नका. त्याला सर्वांत जास्त लागलेलं असतं.

हा हिशेब अगदीच चुकीचा नाही, हेही आकड्यांनी दाखवून दिलं आहे. ब्रिटनमध्ये हजारो लोकांनी मोबाइलवर आपला मूड वेळोवेळी नोंदवला होता. ससेक्स विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये त्या नोंदी फुटबॉलच्या निकालांशी ताडून पाहिल्या. मॅचनंतरच्या तासाभरात जिंकल्याने जितका आनंद वाढत होता, त्याच्या साधारण दुपटीने तो हरल्यावर घटत होता. निव्वळ जमाखर्च मांडला तर चाहतेगिरी हा तोट्याचा धंदा आहे! तरीही माणसं पुढच्या मॅचला येतात. कारण आदल्या रात्रीचा कट्टा, बापाने पोराला खांद्यावर घेऊन दाखवलेली पहिली मॅच, दहा वर्षांपूर्वीच्या गोलाची शंभराव्यांदा सांगितलेली गोष्ट, हे त्या मूडच्या नोंदीत येत नाही. एकट्या पडलेल्या माणसांचे आजार मी रोज पाहतो. त्यामुळे पेठेच्या या गोतावळ्याची औषधी किंमत मला ठाऊक आहे. चाहत्यांनी मॅच बघणं सोडावं असं मी कधीही सांगणार नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. हार्ट अटॅक कधी येईल हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. मोठ्या मॅचची तारीख आणि वेळ मात्र आठ-आठ दिवस आधी छापून येते. ज्या धोक्याची वेळ आधी कळते, त्याची तयारी न करणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. आणि आपण नेमकं उलट करतो. आदल्या रात्री जागरण. सकाळी गडबडीत रक्तदाबाची गोळी राहून जाते. "मॅचमध्ये सारखं लघवीला जावं लागतं" म्हणून काहीजण ती मुद्दाम टाळतात. दुपारी उन्हात पाण्याविना बसणं, वर वडापाव, सिगारेट किंवा मावा, आणि संध्याकाळी निकाल काहीही लागो, बाटली. यातली एकेक गोष्ट हृदयावरचा बोजा थोडाथोडा वाढवते. अटीतटीच्या मॅचचा ताण आपल्या हातात नाही. बाकीचं सगळं आहे.

म्हणून ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, त्यांनी एवढं करावं. मॅचच्या दिवशी एकही गोळी चुकवू नये. विशेषतः हृदयाचे ठोके आवरणाऱ्या गोळ्या अचानक बंद केल्या तर त्रास उलटतो. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती घरातल्या कपाटात नको, शर्टच्या खिशात हवी. आदल्या रात्री सहा-सात तास झोप घ्यावी. कट्टा बाराला आटोपला तरी मॅच चारलाच सुरू होणार आहे. पाण्याची सोय पाहावी, तंबाखू त्या दिवशी तरी लांब ठेवावी. गेल्या काही आठवड्यांत अटॅक येऊन गेला असेल किंवा चालताना छाती भरून येत असेल, तर स्टेडियमला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावं. "नाही" म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं. छातीच्या मधोमध दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जाणं, दरदरून घाम, दम लागणं, मळमळ, यातलं काहीही जाणवलं आणि काही मिनिटांत थांबलं नाही, तर शेजारच्याला सांगा आणि उठा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये दुखणं कमी आणि थकवा, दम, घाबरल्यासारखं वाटणं जास्त असू शकतं. ही मॅचची धडधड आहे, मिसळीची आम्लता आहे की हार्ट अटॅक, हे गॅलरीत बसून कुणालाच ठरवता येत नाही. मलाही येत नाही. त्यासाठी ईसीजी लागतो. १०८ ला फोन करा किंवा जी गाडी लगेच मिळेल तिच्याने जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. ईसीजी चांगला निघाला तर अर्धी मॅच बुडाली म्हणून मला खुशाल शिव्या द्या. आम्ही डॉक्टर मंडळी त्या आनंदाने ऐकून घेतो.

आता संयोजकांसाठी आणि मंडळांसाठी दोन शब्द. कोल्हापुरात 'सीपीआर' म्हटलं की थोरला दवाखाना डोळ्यांपुढे येतो. पण मला दुसऱ्या सीपीआरबद्दल बोलायचं आहे. माणूस कोसळला, हाक मारल्यावर प्रतिसाद देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं. हे शिकायला एक दुपार पुरते. त्याच्या जोडीला एईडी नावाचं शॉक देणारं छोटं यंत्र लागतं. काय करायचं ते हे यंत्र स्वतःच बोलून सांगतं. हृदय बंद पडल्यावर शॉक मिळायला जितकी मिनिटं उशीर होतो, तितकी प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. गर्दीतून वाट काढत बाहेरची अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत बहुधा फार उशीर झालेला असतो.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन फिनलंडविरुद्ध खेळताना मैदानातच कोसळला. सहकारी आणि डॉक्टर तत्काळ धावले, सीपीआर झालं, शॉक दिला गेला. आठ महिन्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसल आणि टॉटनहॅम यांच्या मॅचमध्ये गॅलरीत एक प्रेक्षक कोसळला. ते पाहुण्या संघाच्या सर्जिओ रेगिलॉनच्या लक्षात आलं. त्याने पंचांना सांगितलं, मॅच थांबली, यंत्र पोहोचलं, माणूस वाचला. प्रेक्षक यजमानांचा आणि मदतीची हाक देणारा प्रतिस्पर्धी संघाचा. आपल्या गावात गणेशोत्सवाच्या नियोजनात जी मंडळं रात्ररात्र राबतात, त्यांना दहा-दहा पोरांना सीपीआर शिकवणं आणि स्टेडियमवर एक यंत्र ठेवणं अवघड आहे, असं मला वाटत नाही. आम्ही सरकारी डॉक्टर शिकवायला फुकट येऊ. फक्त बोलवा.

आणखी एका रुग्णाबद्दल बोललं पाहिजे. त्याला ईसीजीची गरज नसते. मॅचनंतर टाके घालायला येणारी अठरा-वीस वर्षांची पोरं. कुणाच्या डोक्याला दगड, कुणी गाडीवर तिघं बसून घसरलेले. हरल्याचं दुःख दुप्पट असतं हे आपण वर पाहिलं; पण ते पहिल्या तासात सर्वाधिक असतं आणि मग ओसरत जातं. तो एक तास पोरांनी रस्त्यावर न काढता कट्ट्यावर काढला, तरी आमचं अर्धं काम कमी होईल. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या मॅचमध्ये प्रेक्षकांत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ चाहते घरी परतले नाहीत. त्या शहरात आजही त्या दिवशी त्यांची आठवण काढली जाते. आपल्याकडे मोठ्या मॅचच्या संध्याकाळी किती आया दारात उभ्या राहून पोराची वाट बघतात, हे पेठेतल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांनाही रक्तदाब असतो.

पुढची मोठी मॅच येईल तेव्हा मीही कुठल्यातरी कट्ट्यावर असेन, आणि बहुधा "आपलं काय खरं नाही" असंच म्हणत असेन. घरी गेल्यावर तुमच्यासारखाच कूस बदलत राहीन. तेवढं चालायचंच. फक्त झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीची गोळी शर्टच्या खिशात ठेवा. गॅलरीत छातीत काही वेगळं वाटलं तर शेजारी बसलेल्याला सांगा, तो कुठल्याही पेठेचा असो. टायब्रेकर सुरू असला तरी सांगा.